बूच

टेबलावर एक बाटली, उघडलेली,
आणि चार ग्लास. सकाळचे साडेदहा.
पोर्तूच्या उतारावरचं आमचं ऑफिस,
खालून ट्राम गेली की कपाटातल्या फायली हलतात.
समोरासमोर दोन माणसं, ज्यांनी दोन वर्षं
एकमेकांना फक्त वकिलांच्या लेटरहेडवर पाहिलं होतं.

अदेरितो बालसेमाव, बुचांचा कारखानदार, माझा अशील.
त्याच्या नखांत भुसा असतो,
सही करताना तो बाकीची बोटं मुठीत घेतो.
पलीकडे ग्रासिंदा तावोरा: दोउरूच्या चढावर चौदा हेक्टर द्राक्षं
आणि तळघरात चाळीस हजार बाटल्या,
ज्यांना ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो
असं तिचं म्हणणं.
दोनशे चौदा पानांत आम्ही ते नाकारलं होतं.
त्यातली दोनशे तरी माझी.

तिच्या शेजारी वकील नुनेश.
कॉलेजात माझ्या वह्या उतरवून पास झालेला.
आता मला ‘विद्वान सहकारी’ म्हणतो
आणि तासाला माझ्याहून वीस युरो जास्त घेतो.

माझ्या हातात हुकमाचं पान होतं. कलम अकरा:
माल सदोष आढळल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे.
बाईंनी कळवलं एकतिसाव्या दिवशी.
तिसाव्या दिवशी शहरात सांव जुआंवचा सण,
पोस्ट बंद, आणि भलीभली माणसं
प्लास्टिकचे हातोडे घेऊन
अनोळखी टाळक्यांवर टपल्या मारत फिरत होती.
(आमच्या न्यायाधीशांकडे हातोडा नसतो.
तो फक्त त्या रात्री, आणि सगळ्यांकडे.)

आदल्या संध्याकाळी मी अदेरितोला सांगितलं,
कोर्टात गेलो तर जिंकू. चार वर्षं लागतील, फार तर पाच.
तो म्हणाला, ‘आणि मग?’
मी कराराची पानं पुन्हा चाळली.
‘मग’ची तरतूद कुठेच नव्हती.

म्हणून ही बैठक. सुरुवातीलाच नुनेशनं वाचून दाखवलं:
या खोलीत जे बोललं जाईल
ते कुठल्याही न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही.
असलं वाक्य मी हजारदा ऐकलंय,
विमानातल्या सूचनांसारखं.
अदेरितोनं मात्र ते पुन्हा वाचायला लावलं.
मग ग्लास उचलला.

मी टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट ठेवला.
वकिलाची खूण: गप्प राहा.

त्यानं वास घेतला. डोळे मिटले. पुन्हा घेतला.
त्याच्या बापाचं नाक होतं ते,
साल सोललेल्या झाडावर पांढऱ्या रंगानं आकडा टाकून
नऊ वर्षं थांबणाऱ्यांच्या घरातलं.
ग्लास खाली ठेवून तो म्हणाला,
‘आमचंच आहे.’

बाई रडल्या वगैरे नाहीत.
पर्स उघडून चष्मा काढला, पुसला,
आणि नुनेशला म्हणाल्या, ‘आकडे काढा.’

पुढचे चार तास आमचे, भाडोत्री माणसांचे.
त्यानं ऐंशी टक्के म्हटलं, मी चाळीस,
दोघांनाही ठाऊक होतं कुठे उतरायचं,
तरी घासाघीस केली. पोटाचा प्रश्न आहे.
त्रेसष्ट टक्के ठरले, तीन हप्त्यांत.
तीन हंगाम नवी बुचं, प्रत्येक गोणी तपासून.
दावा मागे.
शेवटचं कलम नेहमीचं: गुप्तता.
दोन्ही पक्षांच्या आणि वकिलांच्या तोंडाला बूच.
(म्हणून इथे नावं बदलली आहेत. मालही कदाचित.)

रात्री बिल करायला बसले.
आमच्याकडे वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत विकतात,
प्रत्येक तुकड्यासमोर कामाचं नाव लागतं.
पत्रव्यवहार. दूरध्वनी. वाटाघाटी.
त्यानं ग्लास उचलल्यापासून ते दोन शब्द बोलेपर्यंतचा
तुकडा तेवढा राहिला.
त्या वेळात मी काय केलं होतं?
बूट ठेवला होता. मग काढून घेतला होता.

बराच वेळ पेन चावत बसले,
शेवटी लिहिलं:
दस्तऐवजांची तपासणी.