वैशाखातली छाटणी

आमच्या गावाची विहीर खारी.
चहा नासतो, डाळ शिजत नाही,
आणि मी नागपूरहून
मिठाची बादली विकत आणतो.
यावर गाव हसून झालं. आता कोणी हसत नाही.

वाइंडिंगच्या दुकानामागे, कूलरच्या तोंडाशी,
चार फुटी काचेत माझं पोवळं.
सहा वर्षांपूर्वी आणलं, अंगठ्याएवढं,
पाण्याच्या पिशवीत, एसटीत, मांडीवर.
आता ताटाएवढं. ताटावर ताट.
खालचं जांभळं उजेडावाचून पांढरं पडत चाललंय,
आणि कोपऱ्यातलं हिरवं, दिवसा नुसते केस डुलवणारं,
रात्री लांब होऊन शेजाऱ्याला डसतं.
बॅटरी मारून पाहिलंय मी. दोनदा.

कापायला हवं, हे पोळ्यापासून माहीत होतं.
जळलेल्या मोटरची तार मी छिन्नीनं सपकन तोडतो.
इथं हात धजेना.

मग कवडूला निरोप धाडला.
कवडू तायडे, चांदूर बाजारकडचा,
जंबेरीवर संत्र्याचे डोळे बांधतो, दिवसाला आठशे.
आधीची दोन गेली म्हणून आईनं याला
शेजारणीला कवडीवर विकला, नि परत घेतला.
समुद्राशी त्याचं नातं तेवढंच.

हात धुवायला लावले, कोपरापर्यंत.
तांब्याचा कण जरी पाण्यात गेला तरी सगळं मरतं.
ज्यावर माझं पोट, ते यांचं विष.

काचेला नाक लावून तो म्हणाला,
"हे जित्तं हाय का गोटा?"
दोन्ही, म्हटलं.
"मंग कापू कुठून?"
मी दाखवलं. बोट थरथरलं, ते त्यानं पाहिलं,
बोलला नाही.

खारोडी मोडावी तसा आवाज.
कापल्या जागी चिकट, शेंबडासारखं काही आलं.
मी पुसायला गेलो, त्यानं मनगट धरलं.
"डिंक हाय लेका. येऊ दे. झाडालेही येते."
पट्टी मागितली बांधायला, मी गोंद दिला,
चपलेला लावतो तसला.
अकरा तुकडे, अकरा खड्यांवर.

तेवढ्यात लाइन गेली.
बाहेर सेहेचाळीस.
बर्फाच्या बाटल्या सोडत बसलो आम्ही,
एक वितळली की दुसरी,
तो त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलत होता,
मी पाण्यातल्या काट्याकडे पाहत होतो: अठ्ठावीस, साडेअठ्ठावीस.

पैसे घेतले नाहीत.
"माहा भाव आठशेचा हाय. अकराचा ठरलाच नाही."
मेलेला एक पांढरा तुकडा मात्र
खिशात टाकून गेला, न विचारता.

रात्री बॅटरी मारली.
हिरव्याचे केस लांबले होते
थेट जिथं शेजारी होता तिथवर.
तिथं नुसतं पाणी.
बराच वेळ ते चाचपत राहिलं.