वही, सेकंड डिव्हिजन

क्लबची वही तीन अक्षरांत आहे.
पहिली साठ पाने पिएदाद कार्दोझची, पोर्तुगीजमध्ये.
मला त्यातले फक्त आकडे कळतात:
शून्य-तीन. एक-चार. शून्य-शून्य.
मग एका सोमवारी भाषाच बदलते.
कारण लिहिलेले नाही, सगळ्यांना ठाऊक होते.
निळ्या शाईत लोटलीकर मास्तर:
"आजपासून कामकाज मराठीत.
चेंडू एक. पंप एक, सुईविना."

मास्तरांनी कॉर्नरला कोपरफटका म्हटले,
ऑफसाइडला आधी 'अलीकडचा गुन्हा',
मग खोडून 'पलीकडचा',
आणि शेळवणच्या ज्या पदेराने शिटी तोंडात धरून
आम्हाला दोन पेनल्ट्या नाकारल्या,
तोसुद्धा वहीत शेवटपर्यंत श्रीयुत पंच.

मैदान आमचे नव्हते. कुडचड्यात नदीकाठी
देसायांचे शेत, भात कापल्यानंतर पावसापर्यंत,
एका अटीवर: बांधाला हात लावायचा नाही.
म्हणून मैदानाच्या मधोमध
वीतभर उंच बांध आडवा जायचा.
आमच्या पोरांच्या पायांना तो पाठ होता.
पाहुणे धडाधड पडायचे.
घरच्या मैदानावर आम्ही जे काही जिंकलो
ते त्या बांधाने जिंकले,
हे वहीत कुठेच नाही. मी आज लिहून ठेवतो.

चौऱ्याहत्तर साल, मार्च.
सांतान बार्रेटो, वर्कशॉपमधला फिटर, डावखुरा पाय.
सदुसष्टाव्या मिनिटाला त्याचा फटका बारवरून,
माडांवरून, धक्क्यावरून
थेट खनिजाच्या बार्जवर.
बार्ज थांबत नसते.
मास्तर लिहितात: "चेंडू मुरगावास गेल्याने
खेळ स्थगित."

तिसऱ्या दिवशी तांडेल चेंडू घेऊन आला,
विटेसारखा लाल, काखेत कलिंगडासारखा धरलेला.
म्हणाला, तुमचाच ना? तिथे कुणी ओळख पटवेना.
गुरुवारी संध्याकाळी सदुसष्टाव्या मिनिटापासून
उरलेले तेवीस मिनिटे खेळलो.
कोपरफटका, सांतानचा.
एक-शून्य. आम्ही फर्स्ट डिव्हिजनमध्ये.

त्या वर्षाचे एकच पान आहे.
तेरा सामने, अकरा हार.
शेवटची ओळ: "परत आलो. चहा सात रुपये."

सांतानला मात्र वास्कोच्या एका मोठ्या क्लबने ठेवून घेतले.
दोन मोसम तो बाकावर बसला,
एकदा अकरा मिनिटे खेळला,
आणि एका सकाळी वर्कशॉपच्या दारात उभा,
पाना हातात, जणू चहाला गेला होता.
कुणी विचारले तर म्हणायचा,
तिथे बांध नव्हता रे.
लोक हसायचे. तो हसत नसे.

नंतरची पाने बॉलपेनची, इंग्रजी,
टाइमकीपर मिनिनची. कंपनीचे बूट, कंपनीचा रंग,
छातीवर कंपनीचे नाव, आमचे पाठीवर, बारीक.
मग खाणी बंद.
मिनिनने कुणाचे नाव खोडले नाही,
प्रत्येक नावापुढे एक बाण काढला:
कुवेत. जहाज. स्विंडन. जहाज.
गोलकीपर तुळशीदासच्या बाणापुढे काहीच नाही.
तो ट्रकच्या हप्त्यांसकट गावातच राहिला.
बाण तसाच, हवेत.

आता चौथे अक्षर माझे, आणि संघ नाही.
देसायांच्या नातवाने शेताला दगडी कुंपण घातले,
प्लॉट पाडले. बांध एका जागी
कुंपणाखालून थोडा बाहेर येतो
आणि रस्त्यापाशी संपतो.
स्कूटरवाले तिथे अजून धडपडतात.
मी बघतो. मोजत नाही, पण बघतो.

दर जूनमध्ये असोसिएशनचे पत्र येते:
यंदा संघ उतरवणार का?
गेल्या वर्षी सांतान वारला. त्याच्या मुलीने
नट-बोल्टांचा डबा आणून दिला,
क्लबचे काही असेल तर बघा म्हणाली.
यंदा उत्तर लिहायला बसलो, मराठीत:
चेंडू एक.
पंप एक.
सुई सापडली.