टाका

बोडिल ओडेन्सहून आली तेव्हा ऑगस्ट होता,
खाडीत वर्षातलं शेवटचं जहाज,
आणि तिच्या पेटीत पिवळ्या गोळ्यांच्या सहा नळ्या.
पाण्यात टाकली की फसफसते, ती सांगायची.
मी आमच्या भाषेत सांगायचे :
रागावलेलं पाणी आहे, शांत व्हायच्या आत पिऊन टाका.
बायका हसायच्या, गोळ्या घरी न्यायच्या.
इनुतेकच्या पोरांनी बशीत त्यांच्या शर्यती लावल्या.

नोव्हेंबरात सूर्य गेला.
दुकानातली संत्री गोदामातच गोठली,
एकमेकांवर आपटली की गोट्यांसारखी वाजायची.
बोडिल कॉफीत बिस्किटं बुडवायची,
डब्यातलं मांस उकळायची, पुन्हा उकळायची,
आणि आमच्या ताटाकडे नजर गेली
की खिडकीकडे बघायची.
खिडकीत बघण्यासारखं काहीच नव्हतं.

फेब्रुवारीत दवाखान्याच्या बेसिनमध्ये लाल दिसलं.
ब्रश कडक आहे, ती म्हणाली.
मग पोटऱ्यांवर जांभळे ठिपके,
एकेका केसाच्या मुळाशी एकेक.
मग गुडघ्यावरचा तो पांढरा व्रण,
आठ वर्षांची असताना सायकलवरून पडली होती त्याचा,
गुलाबी व्हायला लागला.
जणू सायकल परवाच घसरली.

ती नर्स होती, तिला कळत होतं.
नळ्या रिकाम्या होत्या.
ज्यांना गरज नव्हती त्यांना वाटून टाकल्या होत्या तिने.

त्या रात्री मी तिच्याकडे झोपले.
दिवा बारीक करून ती बोलत राहिली,
खाडीच्या तोंडाशी दगड रचलेत ना, त्या परक्या खलाशांबद्दल.
म्हणाली, पिपालुक, हिरड्या ही तर सुरुवात असते.
वीस वर्षांपूर्वी भरलेली जखम शेवटी उघडते.
आपल्याला वाटतं, शिवलं ते शिवलं.
पण शरीर टाका घालून मोकळं होत नाही,
रोज उसवतं, रोज शिवतं,
आणि दोरा बाहेरून आणावा लागतो.
नाव त्याचं अवघं एका अक्षराचं.

बाहेर कुत्री भुंकली.
ती उठून बसली. म्हणाली, ही बघ,
ही स्वतःच्या यकृतात बनवतात ते,
रोज, फुकट, झोपेतसुद्धा.
आपल्याही पूर्वजांना येत होतं कधीतरी.
झाडांवर राहायचे, हात लावतील तिथे फळ,
कशाला बनवायचं मग? विसरले.
मग झाडावरून उतरले,
आणि चालत चालत इथे आले.
यावर ती एवढी हसली
की ओठाला रुमाल लावावा लागला.

सकाळी मी इनुतेकला बोलावलं.
त्याने काही विचारलं नाही.
नारव्हालच्या कातडीचा तुकडा फळीवर ठेवला,
राखाडी, खाली चरबीचा गुलाबी पट्टा,
आणि चाकूने चौकटी पाडल्या.
तिने चुलीकडे पाहिलं.
नको, तो म्हणाला, आचेवर मरतं ते.
आणि लगेच गिळू नकोस. चाव. बराच वेळ चाव.

तिने डोळे मिटले. चावलं.
चुलीवरचं बर्फ वितळून त्याचं पाणी झालं,
तरी ती चावतच होती.
मग म्हणाली, हेझलनटसारखं लागतं,
आणि हात पुढे केला.

तिने नोंदवहीत लिहिलं :
रुग्ण एक. स्त्री. वय बेचाळीस.
उपचाराच्या रकान्यात माझ्याकडून शब्द लिहून घेतला : मत्ताक.
एप्रिलमध्ये गुडघा पुन्हा पांढरा झाला.

पुढच्या जहाजातून तिच्या बहिणीने संत्र्यांची पेटी पाठवली.
बोडिलने पहिलं संत्रं इनुतेकला दिलं.
त्याने ते फिरवून पाहिलं, वास घेतला,
चाकूने सोललं,
साल तोंडात टाकली आणि सावकाश चावू लागला.
अरे, खायचं ते आत असतं, ती म्हणाली.
तो मान हलवत राहिला. खरं ते कातडीतच असतं,
एवढं त्याला कुणी शिकवायला नको होतं.

आतला गर त्याने पुढच्या कुत्रीसमोर टाकला.
तिने हुंगलं, तोंड फिरवलं,
आणि शेपटीत नाक खुपसून झोपून गेली.