नऊ ठिपके

म्हापशाच्या बाजारात, केळी विकणाऱ्यांच्या पाठीमागं,
जिन्याखाली माझं दुकान. चार फूट बाय सहा.
एक भिंग, गरम हवेची एक नळी,
आणि ड्रॉवरभर लोकांचे फोन, पोट उघडून निजलेले.

फोन घेताना मी चिठ्ठी लिहितो:
नाव, गाव, आजार.
खाली नऊ ठिपके काढतो, रांगोळीला काढावेत तसे,
आणि म्हणतो, तुमची रेघ ओढा.

ओढतात.
शेजारणीकडे किल्ली ठेवताना
दोनदा मागं वळून बघणारी माणसं
किती सहज ओढतात!

बहुतेकांची रेघ एल. काहींची झेड.
शिवोलीची ग्लोरियाना बाय एन काढते.
तिच्या घरात एनवरून कुणाचंच नाव नाही.
मी विचारलेलं नाही.

आता माझी मतं. कुणी मागितली नाहीत, तरी.
बॅटरी डिंकानं चिकटवणारी कंपनी
फोन विकत नाही, भाड्यानं देते.
टॉर्चला तुमच्या आईचा नंबर लागत नाही;
ज्या टॉर्चला लागतो, तिच्यापेक्षा मेणबत्ती बरी.
‘परवानगी द्या’ हे बटण मोठं, निळं.
‘नको’ राखाडी, बारीक, कोपऱ्यात उभं,
आमंत्रण नसताना लग्नाला आलेल्यासारखं.
मी बोट ठेवून दाखवतो.
गिऱ्हाईक म्हणतं, आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?
आमच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असायची.
उजेड आत यायचा, नजर यायची नाही.
लपवायला तेव्हा तरी काय होतं?
पेज आणि सुकी मासळी.

आणि हेही.
मे महिन्यात एका पाहुण्यानं कुंपणावरून
माझ्या आईचा फोटो काढला, सोलं वाळत घालताना.
तीन हजार अनोळखी माणसांना ती आवडली.
कुणीतरी मला दाखवला, मी तिला.
बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,
‘हाक मारली असती, तर केस बांधले असते.’

मी साधू नाही.
पहिल्या वर्षी एकाची गॅलरी उघडली होती.
काही नव्हतं: एक कुत्रा, विजेचं बिल,
इस्पितळाच्या खाटेवरचे दोन पाय.
त्या पायांचा माणूस रोज दुकानासमोरून जातो
आणि मी केळ्यांकडे बघतो.

परवा आसगावचा एकजण बायकोचा फोन न्यायला आला.
काउंटरवर पाचशेच्या दोन नोटा.
‘जरा उघडून दे. कुणाशी बोलते, एवढंच.’
म्हटलं, डिस्प्ले मेलाय. शुक्रवारी.
तेवढ्यात ड्रॉवरात तो वाजला.
दोघांनीही ऐकला.
वाजून वाजून थांबला.
‘दुसऱ्या कुणाचा तरी,’ मी म्हटलं,
आणि नोटा त्याच्या बाजूला सरकवल्या.

रात्री शटर ओढण्याआधी मी चिठ्ठ्या फाडतो.
आधी उभ्या, मग आडव्या, म्हणजे रेघ जुळत नाही.

गेल्या आठवड्यात माझाच फोन गेला.
बोर्डाचं काम, माझ्या नळीच्या आवाक्याबाहेरचं.
जुवारी ओलांडून मडगावला गेलो,
कायतान म्हणून एक मुलगा आहे, त्याच्याकडे.
त्यानं नाव लिहिलं, गाव लिहिलं, नऊ ठिपके काढले,
पेन माझ्यापुढं धरलं.
वीस वर्षं मी हे पेन दुसऱ्यांपुढं धरतोय.
मागं लोक खोळंबले होते. कुणीतरी खोकलं.
मी रेघ ओढली. जिचं अक्षर ते,
तिला तर मी कधी हाकही मारली नाही.

कायताननं चिठ्ठी घेतली,
वाचली नाही,
पालथी करून फोनखाली सरकवली
आणि विचारलं,
‘कव्हर ठेवू, की नेताय?’