जादा दिवे

मधमाश्या रात्रीच हलवायच्या असतात.
दिवस मावळला, सगळ्या घरी आल्या,
की पेट्यांच्या दारांना जाळी, वरून पट्टे,
आणि उजाडायच्या आत कांद्याच्या प्लॉटवर.
माझ्या पिकअपचे दिवे म्हणजे
निवृत्तीला आलेल्या मास्तरची हजेरी,
समोर कोण आहे, कोण नाही, फार बघायचंच नाही.
म्हणून मंठा चौफुलीला गौस मिस्त्रीकडे गेलो,
दोन जादा दिवे, खोक्यासकट.

त्यानं बॉनेट उघडलं आणि नुसता बघत राहिला,
शेजारच्या घरातलं जुनं भांडण ऐकावं तसा.
"किती मालक झाले हिचे?"
मी चौथा.
"तेच. चौघांच्या चार तऱ्हा."
एकानं जोडलेली, दुसऱ्यानं कापलेली,
तिसऱ्यानं टेप गुंडाळून झाकलेली जुडी.
एक पिवळी वायर निघाली टेपरेकॉर्डरची.
टेप परतूरच्या मालकानं कधीच विकला होता,
टोकाला काही नाही, करंट मात्र चालू.
टेस्टर पेटवून दाखवला त्यानं.
"गाणं गेलं, ही बसलीय वाट बघत."
मग पक्कड. कट्.
दर पावसाळ्यात उडायचा माझा फ्यूज, तो हिच्यापायी.

मी म्हणालो, सरळ बटणावरून द्या ना जोडून.
बोलला नाही. ड्रॉवरमधून काढलं एक बटण,
वितळून गुळाच्या खड्यासारखं झालेलं.
"सेलूच्या एका शहाण्याचं. गाडी वाचली, सीट गेली."

रिले म्हणजे काडेपेटीहून लहान काळी डबी, चार पाय.
तीसला बॅटरी, मधे फ्यूज,
तोही बॅटरीपासून वीतभरातच, हे दोनदा बजावलं.
सत्त्याऐंशीला दिवे.
शहाऐंशीला बटणाकडून आलेली बारीक वायर,
ही नुसता निरोप सांगणार,
ओझं उचलायला ती जाड, वेगळी.
पंच्याऐंशीला अर्थ.

मला वाटलं, अर्थ काय, कुठंही लावा बॉडीला.
मिस्त्री पॉलिश पेपर घेऊन घासत बसला.
आधी निळा रंग गेला, खालचा पांढरा गेला,
मग तांबडं प्रायमर, मग गंज,
मग पत्रा उघडा पडला, नव्या रुपयाएवढा.
"अर्थ कच्चा राहिला तरी दिवा लागतो,
पण मन लावून लागत नाही."
विडी न ओढणारा हा माणूस खिशात लायटर ठेवतो,
फक्त स्लीव्ह आवळायला.

दिवेलागणीला गाडी उभी केली
बियाणं कंपनीच्या गोडाउनच्या भिंतीसमोर.
टक्.
भिंतीवर दोन भाकरी उमटल्या, जरा वर.
त्यानं खडूनं रेघ मारली, पाना फिरवत
दोन्ही खाली आणल्या रेघेच्या.
"वरचं समोरून येणाऱ्याचं."
शंभर कमी पडले.
शुक्रवार सोडून कधीबी दे, म्हणाला.

त्या रात्री राजूर रोडला, मागे साठ पेट्या.
इतके दिवस मणक्याला पाठ असलेले खड्डे
पहिल्यांदा तोंडओळखीचे झाले.
एका पुलाच्या कठड्यावर कुणीतरी लिहिलंय
वैजयंता, आणि पुढचं नाव खोडलंय.
मी तीन वर्षं जातोय इथून.
समोरून टेम्पो आला, मी टक् केलं,
त्यानंही डिपर दिला, गेला.

प्लॉटपाशी मात्र सगळेच विझवायचे,
उजेड दिसला की माश्या जाळीला धडका देतात.
कांद्याचे पांढरे गेंद नजरेला यायला वेळ लागला.
इंजिन बंद होतं, तरी मागून घूं चालूच,
साठही पेट्यांतून,
आणि मी उगाच बॉनेटवर हात ठेवून बघितला.

डावा दिवा जरा बाभळीकडे बघतोय.
शनिवारी दाखवीन. शंभर घेऊनच जाईन.