चोचीला ओठ नसतात

तिसऱ्या ड्राफ्टात शेळी भाषण करायची.
पुढचे दोन पाय खोक्यावर रोवून
हजारी, मजुरी, छाट, फंड,
सगळे आकडे तोंडपाठ.
मी रात्री जागून तिचे ओठ हलवले होते,
सेकंदाला बारा चित्रं.

विणकर वसाहतीत, आमच्या गच्चीवर,
चादरीच्या उलट्या बाजूवर प्रोजेक्टर मारला.
चौथ्या वाक्याला बोल्लींचा साईचरण मुतायला उठला,
त्याच्यामागे सगळी पोरं.
तेवढ्यात खालून हाळी आली, पाणी आलं!
पाचव्या दिवशीचं पाणी.
बायाही घागरी घेऊन पळाल्या.
उरलो मी, काळी टाकी,
आणि टाकीला हक्क समजावून सांगणारी शेळी.

वडील जेकार्डची कार्डं ठोकायचे.
म्हणायचे, मोर दिसला पाहिजे रे,
भोकं दिसता कामा नयेत.
पण एक भोक हुकलं
की मोराची मान मोडते.

आणि भोकं पाडणारा?
तो कुठं दिसतो, हे मी तेव्हा विचारलं नाही.
आता विचारावं तर
भिंतीवरच्या फोटोत ते नुसते बघतात.

भाषण कापलं. पाच हजारांवर चित्रं गेली.
आता शेळी तेंदूची पानं चोरून खाते,
मग तिला उचकी लागते,
प्रत्येक उचकीला सुपातले कट्टे टुणकन उडतात,
आणि तपासायला बसलेला बगळा
एका पायावर, चष्मा लावून,
चोचीनं छाट काढत जातो :
ही वाकडी, ही सैल, ही मला आवडली नाही.

पुण्याहून निर्मात्यांचा फोन आला.
शेळी फारच गोड आहे हो.
फक्त आई जरा हसरी करता येईल का?
सुट्टीत मुलं बघणार.
मी आईला हसवून बघितलं. पुसलं.
झोपवलं तिला.
झोपेतही तिची बोटं वळतच राहतात,
हवेतच, पानाशिवाय,
आणि शेळी हळूच आपला कान
त्या बोटांखाली सरकवते.

दुसऱ्या खेळाला पोरं उचकीवर लोळली.
साईचरण तर नंतर दोन दिवस उचक्या देत फिरला.
मागं कठड्याला टेकून नागमणी अक्का,
मांडीवर सूप, अंधारातही काम चालू,
नजर पडद्यावर, हात आपल्या वाटेनं.
कानाच्या सीनला हात थांबले.
मी पडदा सोडून तेच मोजत बसलो.
अठरा सेकंद.
म्हणजे दोनशे सोळा चित्रं.

काय झालं अक्का?
एमी लेदु, म्हणाली. काही नाही.
सूप झटकलं, जिना उतरायला लागली,
दुसऱ्या पायरीवरून वळली.

बगळा चुकलाय तुझा.
एवढा खडूस कोण असतंय?
आमचा तर लई गोड बोलतोय.
लेकराबाळांची चौकशी करतोय, चहा विचारतोय.
छाट काढताना तर जास्तच हसतोय.

उत्तर सुचलं नाही मला.
एवढे महिने गोडवा
फक्त शेळीच्याच वाट्याला दिला होता मी.

तेव्हापासून रात्री बगळ्याला हसवायला बसतो.
चष्म्यामागं डोळे बारीक करून पाहिले,
मान थोडी कलती केली,
हातात बशी दिली.
जमत नाही अजून.
चोचीला ओठ नसतात.