शंभर ग्रॅम, शंभर मिली

अशोक चौकातल्या धर्मादाय दवाखान्यात
दर मंगळवारी माझं टेबल लागतं,
पंख्याखाली नाही, वजनकाट्याशेजारी.
एप्रिल. बाहेर बेचाळीस.

राजमणी गुंडेटी पिशवीतून दोन वस्तू काढते :
टोस्टचा पुडा, निम्मा संपलेला,
तोंड विडीच्या दोऱ्यानं आवळलेलं,
आणि फळांच्या रसाचा खोका, पोरानं आणलेला.
"ह्यातलं ताकदीचं कुठलं, तेवढं सांगा.
दोन्ही परवडत नाय."

मी दोन्ही उलटे करते.
हेच तर शिकले चार वर्षं,
वस्तू उलटी धरून वाचायला.
टोस्ट : चारशे तीस कॅलरी, प्रथिनं नऊ,
मैदा, साखर, पामतेल,
आणि खाली परत साखर, दुसऱ्या नावानं.
रस : चोपन्न कॅलरी, साखर तेरा, प्रथिनं शून्य.
फळं पाच. चित्रात.

पण टोस्ट बोलतो शंभर ग्रॅमवर
आणि रस शंभर मिलीवर,
एका घरात दोन जावा
आपापल्या मापट्यानं पीठ मोजणाऱ्या.
"शंभर ग्रॅम म्हणजे टोस्ट किती?"
दहा-बारा.
ती पदराआड हसते.
"मी दोन खाते. सकाळी, च्यात बुडवून.
दोनाचं सांगा."

दोनाचं मांडते.
दोन टोस्ट : सत्त्याहत्तर.
अख्खा खोका : एकशे आठ,
त्यात साखरच पाच चमचे.
पारडं भलतीकडेच झुकतं.
तिच्या कागदावर हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन
आणि ह्या दोघांपैकी कोणालाच
त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही.

मग मी माझं नेहमीचं म्हणते :
दोन्ही राहू द्या, राजमणीबाई.
मूठभर शेंगदाणे, गूळ, पालेभाजी,
सांगोल्याकडचं डाळिंब आलंय गाड्यावर,
दागी घ्या, स्वस्त पडतं, दाणे तसेच खा.

ती बोलत नाही.
दोन्ही हात टेबलावर ठेवते, तळवे वर,
माझ्या तक्त्यावरच.
अंगठा आणि शेजारची दोन बोटं
जुन्या पितळेच्या रंगाची.

"दिवसाला हजार वळते. बावीस वर्षं.
साबण झाला, राख झाली, लिंबू झालं.
हातानं धरलं की कडू.
टोस्ट कडू, भाकर कडू,
नातीला घास दिला तर थू करते पोरगी.
खोक्याला नळी हाय.
बोट लागत नाय.
तेवढंच एक
तंबाखूबिगर पोटात जातंय."

मी पुड्याची मागची बाजू परत वाचते.
खोक्याचीही. उभी, आडवी,
घडीखालची बारीक अक्षरंसुद्धा.
ऊर्जा आहे, सोडियम आहे,
कारखान्याचा पत्ता आहे, तक्रारीचा फोन आहे.

बाहेर पुढचा नंबर पुकारला जातो.
मी चिठ्ठी ओढते आणि लिहिते :
लोहाच्या गोळ्या, रात्री एक.
डाळिंबाचे दाणे, सोलायचे सुनेनं.
शेंगदाण्याचं कूट, गूळ घालून.
आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात : चमचा, एक.

दहा मिनिटांनी औषधाच्या खिडकीतून
कंपाउंडर सिद्राम ओरडतो,
"मॅडम, एक चमचा कशाचा?
औषधाचं नाव राहिलंय!"

स्टीलचा, मी म्हणते.
लांब दांड्याचा.